इटलीत खाण्यापिण्याचा खर्च कसा आवरायचा: बसण्याचे पैसे, वजनाचा भाव आणि नळाचं पाणी

रोममधल्या बारच्या गल्ल्यामागे बहुतेक वेळा दोन रकान्यांची पाटी टांगलेली असते. एका रकान्यावर ‘बांको’, दुसऱ्यावर ‘तावोलो’. कॉफी तीच, कपही तोच. पण पहिल्या रकान्यात १,२० आणि दुसऱ्यात ४,०० असू शकतं. बांको म्हणजे काउंटर, तावोलो म्हणजे टेबल. प्रसिद्ध चौकाच्या तोंडाशी हा फरक तिप्पट-चौपट होतो, आणि व्हेनिसच्या सान मार्को चौकातल्या कॅफेत वाद्यवृंद वाजत असेल तर संगीताचे पैसे माणशी वेगळे लागतात. पाटीवरचा स्वल्पविराम म्हणजे आपला दशांशबिंदू. १,२० म्हणजे एक युरो वीस सेंट. हिशेबासाठी एक युरो म्हणजे शंभर रुपये धरा, चालता चालता तोंडी जमतं.

नवख्या माणसाचे पैसे इटलीत जास्त खाल्ल्यामुळे क्वचितच जातात. ते जातात चुकीच्या जागी बसल्याने आणि भाव कशाचा लिहिलाय ते न वाचल्याने.

सकाळची कॉफी

इटलीतला बार आपल्या अमृततुल्यासारखा: पहाटेपासून कॉफी, सोबत काहीतरी गोड, संध्याकाळी वाईनही. गर्दीच्या बारमध्ये क्रम असा:

१. आधी ‘कास्सा’कडे, म्हणजे गल्ल्यावर जा. ‘उन काफ्फे ए उन कोर्नेत्तो’ म्हणा आणि पैसे द्या.
२. मिळालेली पावती, ‘स्कोन्त्रीनो’, हातात ठेवा.
३. काउंटरवर पावती ठेवून तीच ऑर्डर पुन्हा सांगा. पावती ठेवली नाही तर कॉफीवाला तुमच्याकडे बघणारही नाही.
४. उभ्यानेच प्या. कप उचलून टेबलावर नेऊ नका. नेलात तर टेबलाचे पैसे मागितले जातील आणि ते मागणं बरोबरच असेल.

छोट्या, गल्लीतल्या बारमध्ये उलटा क्रम चालतो: आधी प्या, मग पैसे द्या. स्थानिक लोक काय करताहेत ते मिनिटभर पाहिलं की कळतं.

‘काफ्फे’ म्हणजे एस्प्रेसो, दोन घोटांचा. दुधाची हवी तर कापुचीनो. नुसतं ‘लात्ते’ म्हणालात तर ग्लासभर दूध पुढ्यात येईल. कॉर्नेत्तो हा क्रोसाँचा भाऊ. मिलानमध्ये त्यालाच ब्रिओश म्हणतात. उभ्याने कॉफी १ ते १,५० युरो, कापुचीनो दोनच्या आसपास, कॉर्नेत्तो दीडच्या आसपास. म्हणजे तीन-साडेतीन युरोंत नाश्ता झाला. हॉटेल नाश्त्याचे माणशी १० युरो वेगळे लावत असेल तर नको सांगा. अंडी, चीज, फळं असा भरपेट मांडलेला असेल आणि तुम्ही दुपारी दोनपर्यंत काही खाणार नसाल, तरच तो परवडतो.

एक जोडफायदा: सार्वजनिक शौचालयाला बऱ्याच ठिकाणी युरोभर लागतो. त्याच पैशांत बारमध्ये कॉफी घेतली की तिथलं शौचालय वापरता येतं.

पाणी विकत घेऊ नका

रोममध्ये सुमारे अडीच हजार ‘नाझोने’ आहेत. नाझोने म्हणजे मोठं नाक: रस्त्याकडेचा लोखंडी खांब, त्याला वाकडी तोटी, आणि पाणी अखंड वाहतं. १८७४ पासून ही व्यवस्था आहे आणि हे पिण्याचंच पाणी आहे. तोटीच्या वाकणावर वरच्या अंगाला एक बारीक भोक असतं. खालचं तोंड बोटाने दाबलं की त्या भोकातून कारंज्यासारखी धार वर येते आणि ओंजळ न करता पिता येतं. बाटली मात्र खालच्या तोंडाशीच भरा. पहिल्यांदा बोट दाबताना तोंड जरा लांब ठेवा, धार जोरात येते.

तुरिनमध्ये हेच नळ बैलाच्या तोंडाचे असतात, मिलानमध्ये हिरवे. ‘आक्वा नॉन पोताबिले’ अशी पाटी असेल तिथे पिऊ नका. बाकी शहरातलं नळाचं पाणी, हॉटेलच्या बेसिनमधलंही, पिण्यालायक असतं. चव जड लागते ती चुन्यामुळे. सुपरमार्केटमध्ये दीड लिटरची बाटली अर्ध्या युरोच्या आत मिळते, स्मारकाबाहेरच्या गाडीवर अर्धा लिटर दोन युरोंना. उन्हाळ्यात माणशी दिवसाला तीन लिटर लागतं, तेव्हा चार जणांच्या कुटुंबाने रिकामी बाटली जवळ ठेवली तर आठवड्यात एका चांगल्या जेवणाचे पैसे सुटतात.

रेस्टॉरंटमध्ये गोष्ट वेगळी. तिथे नळाचं पाणी द्यायचं बंधन नाही. ‘आक्वा देल रुबिनेत्तो’ मागून बघायला हरकत नाही, पण ‘नाही’ ऐकायची तयारी ठेवा. बाटली दोन ते चार युरोंची. ‘नातुराले’ साधं, ‘फ्रिद्झांते’ बुडबुड्यांचं.

वजनावरचा पिझ्झा: सुरी कुठे ठेवायची

रोममधलं सगळ्यात स्वस्त गरम जेवण म्हणजे ‘पिझ्झा आल ताल्यो’, कापून विकला जाणारा पिझ्झा. लांबट आयताकृती ट्रे काचेमागे मांडलेले असतात, आणि पिझ्झा नगावर न विकता वजनावर विकतात. इथेच बहुतेक जण फसतात. पाटीवर १,८० दिसतं, वाटतं तुकडा एक युरो ऐंशीचा. तो भाव असतो ‘एत्तो’चा, म्हणजे १०० ग्रॅमचा. हाताच्या पंजाएवढा तुकडा सहज २०० ते २५० ग्रॅम भरतो, आणि काट्यावर साडेचार युरो उमटतात. काही दुकानं किलोचा भाव लावतात: १८,०० म्हणजे तोच १,८० एत्तो.

विक्रेता ट्रेवर सुरी टेकवतो आणि तुमच्याकडे बघतो. हाच तो क्षण. सुरी कुठे ठेवायची हे तुम्ही ठरवायचं असतं. कमी हवा तर ‘मेनो’, जास्त हवा तर ‘दि प्यू’, बरोबर असेल तर ‘कोझी’. भाषा येत नसली तरी बोटाने दाखवलं की पुरतं. गप्प राहिलात तर तो स्वतःच्या अंदाजाने कापेल, आणि तो अंदाज उदार असतो.

वजनाचं गणित ठाऊक असलं की निवडही बदलते. बटाट्याच्या कापांचा पिझ्झा चवीला छान, पण जड. ताज्या चीजचा ढीग असलेला त्याहून जड, आणि त्याचा एत्तोचा भावही चढा. नुसत्या टोमॅटोचा ‘रोस्सा’ किंवा तेल-मिठाचा ‘ब्यांका’ हलका आणि स्वस्त. एक तुकडा रोस्साचा आणि एक भाजीवाला घेतला तर पाच-सहा युरोंत माणूस जेवतो. ‘स्काल्दाता’ म्हटलं की गरम करून देतात, त्याचे वेगळे पैसे नाहीत. ट्रे नुकता भट्टीतून आला असेल तर तोच घ्या. दुपारी चारचा तुकडा चामड्यासारखा चिवट असतो.

नेपल्समध्ये पद्धत निराळी. तिथे छोटा गोल पिझ्झा चार घड्या घालून कागदात देतात, ‘आ पोर्ताफोल्यो’, पैशाच्या पाकिटासारखा. नगावर भाव, दोन-अडीच युरोंच्या घरात. पहिला घास घेताना पुढे वाका, नाहीतर गरम टोमॅटो शर्टावर येतो.

शाकाहाऱ्यांसाठी

स्वस्त पदार्थांत शाकाहारी भरपूर आहेत, फक्त नावं फसवी आहेत. ‘पेपेरोनी’ म्हणजे सिमला मिरची; अमेरिकन पिझ्झ्यावरचं सॉसेज नाही, तेव्हा बिनधास्त घ्या. उलट निरागस दिसणारे ‘फ्योरी दि झुक्का’, भोपळ्याच्या फुलांची भजी, यांच्या पोटात चीजसोबत खारवलेली मासळी असते. ‘आलिची’ किंवा ‘आच्चूगे’ ही त्या मासळीची नावं, पाटीवर शोधा. रोमची ‘सुप्ली’, भाताची तळलेली गोळी, पारंपरिक प्रकारात मांसाच्या रश्श्यात बनते. भाज्यांच्या सूपमध्ये ‘ब्रोदो’, म्हणजे रस्सा, मांसाचा असू शकतो. ‘स्त्रुत्तो’ म्हणजे डुकराची चरबी. रोमान्या भागातल्या ‘पियादिना’ पोळीत ती परंपरेने असते, तेलातली हवी तर तसं विचारा. पार्मिज्यानो चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारं द्रव्य, वापरतात, हे कडक शाकाहाऱ्यांनी आधीच ठाऊक करून घ्यावं, कारण ते चीज ‘पेस्तो’ या हिरव्या चटणीतही असतं आणि पास्त्यावर न विचारता भुरभुरलं जातं. ‘सेन्त्सा फोर्माज्यो’ म्हटलं की चीज घालत नाहीत. मारिनारा पिझ्झा मुळातच चीजशिवाय असतो: टोमॅटो, लसूण, ओरेगानो. पिझ्झेरियाच्या यादीत सगळ्यात स्वस्तही बहुधा तोच.

आपल्या जिभेला लगेच ओळखीचा वाटणारा पदार्थ जिनोआत मिळतो: ‘फारिनाता’. हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ. मोठ्या तांब्याच्या परातीत भट्टीत भाजलेलं. हे बेसनाचं धिरडंच, फक्त हळद-मिरची-ओवा नाही. टस्कनीच्या किनाऱ्याकडे, पिसात, त्यालाच ‘चेचीना’ म्हणतात आणि पावात घालून देतात. पालेर्मोत त्याच पिठाच्या तळलेल्या चकत्या, ‘पानेल्ले’, बनपावात मिळतात. वडापावचा दूरचा नातेवाईक म्हणा. दोन-तीन युरोंत पोट भरतं. सोबत लाल तिखटाची छोटी पुडी असेल तर सोन्याहून पिवळं.

घरून काय न्यायचं? कोरड्या चटण्या, मेतकूट चालतात. तूप, पेढे, पनीर, खवा नेऊ नका: युरोपियन संघाबाहेरून प्रवाशाने दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. ओली मिरची-कढीपत्ताही राहू द्या. रोममध्ये हवंच असेल तर तेर्मिनी स्टेशनजवळच्या एस्क्विलिनो मंडईत बांगलादेशी आणि भारतीय दुकानदारांकडे कोथिंबीर, मिरची, डाळी, सगळं मिळतं.

बसून जेवायचं असेल तेव्हा

दिवसातलं एकच जेवण बसून घ्यायचं ठरवलंत तर ते दुपारचं घ्या. नोकरदारांसाठी कामाच्या दिवशी ‘मेनू देल जोर्नो’ किंवा ‘प्रांत्सो दि लावोरो’ असतं: एक पास्ता, एक दुसरा पदार्थ किंवा भाजी, पाणी, कधी कॉफीसुद्धा, १२ ते १५ युरोंत. खडूने लिहिलेली, फक्त इटालियनमधली पाटी शोधा. सहा भाषांतलं, फोटोंचं मेनूकार्ड आणि दारात उभा राहून हाक मारणारा माणूस दिसला की पुढे चला. दुसरी खूण वेळेची: स्वयंपाकघर साधारण साडेबारा ते अडीच आणि मग संध्याकाळी साडेसातनंतर चालतं. दुपारी साडेचारला पास्ता देणारं ठिकाण तुमच्या-आमच्यासारख्यांसाठीच उघडं असतं. त्या वेळी भूक लागली तर ‘तावोला काल्दा’ किंवा ‘रोस्तिचेरिया’ गाठा. तिथे तयार भाज्या, लाझान्या काचेमागे असतात, वजनावर किंवा ताटावर मिळतात.

आता बिल. समजा दोघं फ्लोरेन्समध्ये जेवले:

दोन पास्ता, १२ युरोंचे: २४
पांढऱ्या घेवड्यांची एक वाटी: ६
पाण्याची बाटली: ३
घरची वाईन, अर्धा लिटर: ७
कोपेर्तो, माणशी २,५०: ५
एकूण: ४५

खाणं ३० युरोंचं, बाकी १५. ‘कोपेर्तो’ म्हणजे ताट-वाटी-पावाचे माणशी पैसे. ते मेनूकार्डावर, बहुतेकदा शेवटच्या पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात छापलेले असतात. छापलेले असतील तर द्यावेच लागतात, छापलेले नसतील तर बिलात हरकत घ्या. रोम ज्या लाझिओ प्रांतात येतं तिथे २००६ च्या प्रांतिक कायद्याने कोपेर्तो आकारायला मनाई आहे, म्हणून तिथे ‘पाने’, म्हणजे पाव, अशी ओळ बिलात येते. पावाची टोपली आपणहून आली तर हात लावण्याआधी ‘पाने नो, ग्रात्सिए’ म्हणून परत पाठवा. पाव खाऊन मग वाद घालता येत नाही.

‘सेर्वीत्सिओ’ ही वेगळी ओळ, १० ते १५ टक्के. ती असेल तर टिप द्यायचा प्रश्नच नाही. नसेल तरी सक्ती नाही. वरचे सुटे दोन युरो ठेवले तर कोणी नाक मुरडत नाही. टेबलावर बसून दोन-तीन पदार्थ सगळ्यांनी वाटून घेतले तर चालतं, पण कोपेर्तो माणशीच लागतो, हे सहा जणांच्या गटाने लक्षात ठेवावं.

वजनाचा सापळा इथेही आहे आणि इथे तो महागात पडतो. ताजी मासळी आणि फ्लोरेन्सचा प्रसिद्ध गोमांसाचा स्टेक, दोन्हींचा भाव एत्तोत किंवा किलोत असतो. मासळीपुढे ६,०० आणि शेजारी बारीक ‘एत्तो’ लिहिलेलं असतं. ७०० ग्रॅमचा मासा आला की ४२ युरो. ऑर्डर देण्यापूर्वी मासा काट्यावर ठेवायला सांगा आणि एकूण किंमत कागदावर लिहून घ्या. चांगले हॉटेलवाले हे आपणहून करतात. ‘आजचं खास’ म्हणून वेटर तोंडी सांगतो त्याचाही भाव विचारा. पदार्थापुढे चांदणी असेल तर माल गोठवलेला आहे. ताज्याचा भाव देऊ नका.

वाईन पिणाऱ्यांनी बाटलीऐवजी ‘विनो देल्ला काझा’, घरची वाईन, मागावी. ‘उन क्वार्तो’ पाव लिटर, ‘मेद्झो’ अर्धा. कोल्ड्रिंक बऱ्याचदा तिच्याहून महाग पडतं, तेव्हा मुलांना शीतपेय जेवणाच्या टेबलावर घेऊन देऊ नका.

संध्याकाळ

मिलान आणि तुरिनमध्ये सहा ते नऊ ‘आपेरितीवो’ची वेळ. एका पेयासोबत खाणं मिळतं. कुठे ऑलिव्ह आणि वेफर्स, कुठे पास्ता-पिझ्झ्याची मांडणी. पेय ८ ते १२ युरोंचं. दुसऱ्यांच्या टेबलांवर काय आलंय ते बघून मगच बसा, कारण नुसत्या शेंगदाण्यांवर रात्र निघत नाही.

व्हेनिसमध्ये ‘बाकारो’, म्हणजे छोटे वाईन-बार, शोधा, रिआल्तो बाजाराच्या मागच्या गल्ल्यांत बरेच आहेत. उभ्याने ‘ओंब्रा’, वाईनचा छोटा ग्लास, आणि ‘चिकेत्ती’, पावाच्या चकतीवरचे घासभर पदार्थ. एकेक दीड ते तीन युरो. पाच-सहा नगांत जेवण होतं, पण दहावा घेतलात तर रेस्टॉरंट बरं होतं असं वाटेल.

बोलोन्यात जुन्या बाजारगल्लीत ‘ओस्तेरिया देल सोले’ आहे, १४६५ पासूनची. तिथे फक्त पेय विकतात. खाणं तुम्ही बाहेरून आणायचं. शेजारच्या दुकानांतून पाव, चीज, टोमॅटो घ्या आणि आत लांब बाकांवर बसा. बसण्याचे पैसे न घेणारी जागा म्हणून हिचं कौतुक करावं तेवढं थोडं.

सुपरमार्केट

कोनाद, कोओप, एस्सेलुंगा, लिडल, युरोस्पिन. शेवटची दोन सगळ्यात स्वस्त. स्मारकाजवळची ‘एक्स्प्रेस’ शाखा तीच वस्तू जरा महाग देते. दोन ट्राम-थांबे पुढे गेलात तर मोठी शाखा सापडते.

फळं घेताना आधी प्लास्टिकचा हातमोजा चढवा, उघड्या हाताने केळी चाचपलीत तर आजी ओरडतात. फळाच्या पेटीवरचा आकडा लक्षात ठेवा, पिशवी काट्यावर ठेवा, तो आकडा दाबा, चिकटपट्टी बाहेर येईल ती पिशवीवर लावा. हे विसरलात तर गल्ल्यावरून परत पाठवतात आणि मागची रांग सुस्कारे टाकते. या पातळ पिशव्यांचे २०१८ पासून एक-दोन सेंट लागतात. मंडईत मात्र मालाला हातच लावायचा नाही, विक्रेत्याला सांगायचं.

चीजच्या काउंटरवर यंत्रातून क्रमांकाची चिठ्ठी घ्या. ‘उन एत्तो’ म्हटलं की १०० ग्रॅम. बऱ्याच ठिकाणी पाव निवडून दिलात तर त्यातच भरून देतात. तीन-चार युरोंचा हा पानीनो चौकातल्या आठ युरोंच्या पानीनोहून ताजा असतो. टस्कनीचा पाव अळणी असतो, शिळा म्हणून परत करायला जाऊ नका.

मुक्कामाला स्वयंपाकघर असेल तर अर्धा किलो पास्ता, टोमॅटोचा डबा आणि ‘चेची’ म्हणजे उकडलेल्या काबुली चण्यांचा डबा, तिन्ही मिळून तीन युरोंच्या आसपास. छोले होतात. भातासाठी आर्बोरियो तांदूळ घेऊ नका, खिमट होतं; बासमती शोधा. दह्यासाठी ‘योगुर्त ब्यांको’ घ्या आणि डब्यावर ‘सेन्त्सा झुक्केरी’ आहे का पाहा, नाहीतर कढी गोड होईल.

जेलातो आणि बसायची जागा

आईस्क्रीमच्या दुकानात किंमत आकारानुसार असते. आकार बोटाने दाखवा, तीन युरोंच्या घरातला लहान पुरतो. काही पर्यटकी दुकानांत न विचारता अवाढव्य कोन भरून देतात आणि दहा युरो मागतात. डोंगरासारखं रचलेलं, भडक हिरवं पिस्ता दिसलं तर तो रंग आहे. खरा पिस्ता मळकट हिरवा असतो.

खाणं घेऊन कुठेही बसकण मारू नका. रोममध्ये स्पॅनिश पायऱ्यांवर बसायला २०१९ पासून बंदी आहे, दंड २५० युरोंपासून. व्हेनिसमध्ये सान मार्को चौकात आणि पुलांवर डबा उघडला तरी दंड होतो. बागेतला बाक, चर्चसमोरच्या साध्या चौकातला ओटा चालतो.

पैसे कार्डाने देताना यंत्र विचारतं: युरो की रुपये? युरोच दाबा. रुपये दाबले की दर यंत्रवाला ठरवतो आणि तो तुमच्या बँकेपेक्षा वाईट असतो. वेटर घाईत स्वतःच बटण दाबायला गेला तर ‘युरो’ म्हणून थांबवा, आणि निघालेल्या चिठ्ठीवर रुपयांतली रक्कम दिसली तर तिथेच रद्द करून पुन्हा करायला लावा. दारातून बाहेर पडल्यावर ते होत नाही.